हृदयस्नायूचा वारसा आणि आतला दाह

(रुग्णालयाच्या वार्षिक दिनानिमित्त देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर हृदयरोग विभागातर्फे दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर आहे. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)



वार्षिक अहवालात किती अँजिओग्राफी झाल्या, किती झडपा बदलल्या, किती गरीब रुग्णांना सवलत मिळाली, याचे आकडे दरवर्षी आपल्यासमोर येतात. मी आज ज्या आजाराविषयी बोलणार आहे, त्याचा आकडा मात्र कोणत्याच तक्त्यात सापडणार नाही. कारण हा आजार बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नावाने नोंदला जातो. कधी 'विषाणूमुळे हृदयाला आलेली सूज' म्हणून, कधी 'हार्ट अ‍ॅटॅक' म्हणून, आणि कधी नुसता 'अकस्मात मृत्यू' म्हणून.

प्रारंभ माझ्याच एका चुकीपासून करतो. २००६ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. मी तेव्हा दुसऱ्या एका रुग्णालयात काम करीत होतो. पोलीस भरतीची तयारी करणारा चोवीस वर्षांचा एक मुलगा छातीत दुखते म्हणून दाखल झाला. चार-पाच दिवस ताप होता. हृदयस्नायूला इजा झाल्याचे दाखवणारी ट्रोपोनिनची तपासणी वाढलेली आली. परंतु अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या अगदी स्वच्छ. साथीचे दिवस, तरुण वय, ताप. निदान सरळ दिसत होते. विषाणूमुळे आलेला हृदयस्नायूदाह, असे लिहून, विश्रांतीचा सल्ला देऊन आम्ही त्याला घरी पाठवले. तो बरा झाला. पुन्हा तालमीत जाऊ लागला, सोळाशे मीटरची धाव पुन्हा सुरू झाली. दोन वर्षांनी एका सकाळी मैदानावर तो कोसळला आणि उठला नाही.

त्याची आई नंतर मला भेटायला आली. तक्रार करायला नव्हे, कागद घ्यायला. बोलता बोलता म्हणाली, "डॉक्टरसाहेब, माझा भाऊही असाच गेला होता. नांगर धरला होता, उभ्या उभ्या गेला." मी जुना केसपेपर काढून पाहिला. कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात लिहिले होते : विशेष काही नाही. खाली सही माझी होती.

त्या काळी जनुकीय तपासणी सहज उपलब्ध नव्हती हे खरे. पण मामा कशाने गेला, हे विचारायला कोणतेही यंत्र लागत नव्हते. आम्ही वडिलांकडचे विचारले होते, रक्तदाब आणि मधुमेह विचारला होता. मामाचे घराणे वेगळे, म्हणून ते 'कुटुंबात' धरलेच नव्हते.

आता थोडे हृदयाविषयी. आपले हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. त्वचेच्या पेशी झिजतात आणि नव्या येतात. हृदयस्नायूच्या पेशींचे तसे नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की पंचविशीत वर्षाला साधारण शंभरातील एक पेशी नव्याने येते, आणि म्हातारपणी त्याच्याही निम्म्याहून कमी. म्हणजे जन्माला येताना मिळालेला हा स्नायू बव्हंशी तोच आयुष्यभर वापरायचा असतो. जी पेशी मेली तिच्या जागी व्रण येतो, किंवा चरबी येते. व्रण आकुंचन पावत नाही आणि विजेचा संदेशही नीट पुढे नेत नाही. ठोक्यांची लय बिघडून अकस्मात मृत्यू येतो तो बहुधा अशाच जागेतून.

या पेशी एकमेकींना घट्ट धरून असाव्या लागतात. आपल्या घरी आजीने शिवलेली गोधडी आठवा. जुन्या लुगड्याचे थर आणि त्यांतून फिरणारा धावदोरा. दोऱ्याचा एक टाका कच्चा असला, तरी नव्या गोधडीत ते दिसत नाही. रोजच्या ओढाताणीत तो हळूहळू उसवतो. हृदयाच्या पेशींमध्ये अशा टाक्यांना डेस्मोसोम म्हणतात. प्लाकोग्लोबिन, डेस्मोप्लाकिन, प्लाकोफिलिन, डेस्मोग्लिन ही त्यांतील प्रथिनांची नावे आहेत. यांपैकी एखाद्या प्रथिनाच्या जनुकात जन्मतः दोष असेल, तर टाका कच्चा राहतो. यातून होणाऱ्या आजाराला लयबाधक हृदयस्नायुविकार म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारच्या आजारात टाके ठीक असतात, पण पेशीच्या आत आकुंचन घडवणारी यंत्रणाच सदोष असते. त्यात स्नायू जाड होतो. हा जाड स्नायूचा विकार साधारण पाचशे माणसांत एकाला आढळतो, म्हणजे आपण समजतो तितका तो दुर्मिळ नाही. तिसऱ्या प्रकारात हृदय पसरते आणि अशक्त होते.

या कच्च्या टाक्यांची कथा एका बेटावरून सुरू होते. ग्रीसमधील नॅक्सॉस या बेटावरील काही कुटुंबांत एक चमत्कारिक जोडी आढळली. माणसांचे केस लोकरीसारखे कुरळे, हातापायांचे तळवे जाड, आणि त्यांच्यात हृदयाची लय बिघडून होणारे मृत्यू. १९८६ साली तेथील डॉक्टरांनी हे शास्त्रीय नियतकालिकात मांडले. २००० साली प्लाकोग्लोबिनच्या जनुकातील दोष सापडला. त्वचा आणि हृदय, दोन्ही ठिकाणी तेच टाके असतात. म्हणून तळवा पाहून हृदयाचा अंदाज येतो. नॅक्सॉसच्या प्रकारात आई आणि वडील दोघांकडूनही दोष यावा लागतो, आणि नात्यात लग्ने होतात तेथे हे अधिक घडते. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल अनेक समाजांत होती आणि अजूनही काही ठिकाणी आहे, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. मात्र हृदयस्नायूचे बहुतेक आनुवंशिक विकार एका पालकाकडूनही येतात, आणि तेव्हा प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा असो वा मुलगी.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. दोष जनुकात आहे, तर मग दाह कोठून आला?

दाह हा शब्द आपण रोज वापरतो. काटा रुतला की बोट लाल होते, सुजते, गरम लागते, दुखते. रोमन ग्रंथकार सेल्ससने दोन हजार वर्षांपूर्वी हीच चार लक्षणे लिहून ठेवली. चरकसंहितेत श्वयथु या नावाने स्वतंत्र अध्याय आहे. अर्थात तेथील विवेचन बरेचसे अंगावरील सुजेविषयी आहे, आपण आज ज्याला दाह म्हणतो त्याच्याशी ते तंतोतंत जुळत नाही. बोटाचा दाह डोळ्यांना दिसतो. हृदयाचा दिसत नाही. शिवाय दाह हा मुळात शत्रू नव्हे. इजा झालेल्या जागी पांढऱ्या पेशी धावून येतात, मेलेले उचलतात, डागडुजी करतात आणि निघून जातात. अडचण होते ती त्या निघून न गेल्यास.

इटलीतील पादुआ येथील शवविच्छेदकांनी या विकाराच्या हृदयांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. १९९६ साली त्यांनी लिहिले, की अशा हृदयांपैकी सुमारे दोन तृतीयांश हृदयांत ठिकठिकाणी दाहपेशींचे पुंजके होते. येथून मोठा वाद सुरू झाला. एक पक्ष म्हणे, हा मुळातच विषाणूंचा आजार. जनुकांचे नाव उगीच. दुसरा म्हणे, पेशी आधी मरतात, दाहपेशी नंतर फक्त सफाईला येतात. आमच्या पिढीने हे दोन्ही पक्ष परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत लिहिले आहेत. आणि खरे सांगायचे तर दवाखान्यात बसल्यावर दोन्ही विसरलो आहोत.

गेल्या काही वर्षांत चित्र बरेच पालटले. २०१९ साली अमेरिकेतील संशोधकांनी डेस्मोग्लिनचे जनुक सदोष असलेल्या उंदरांवर प्रयोग केले. दाहाची आज्ञा देणारा पेशीच्या आत एक मुख्य खटका असतो. त्याला एनएफ-कप्पा-बी असे नाव आहे. हा खटका औषधाने दाबला, तेव्हा उंदरांच्या हृदयाचे नुकसान कमी झाले. त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. एका रुग्णाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत हृदयपेशी वाढवण्यात आल्या. त्या काचेच्या बशीत ना विषाणू होता, ना रक्तातील पांढऱ्या पेशी. तरीही त्या हृदयपेशींतील दाहाचा खटका चालू होता. म्हणजे सदोष पेशी बाहेरच्या मदतीची वाट न पाहता स्वतःच आग लागल्याची हाळी देत असते. दाह हा नुसता सफाई कामगार नव्हे. काही प्रमाणात तो घर जाळण्यात सामील आहे.

माणसांतील पुरावाही त्याच दिशेने जातो. डेस्मोप्लाकिनचा दोष असलेल्या शंभराहून अधिक लोकांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी साधारण सात जणांत एकाला छातीत दुखणे, ट्रोपोनिन वाढणे आणि रक्तवाहिन्या मात्र स्वच्छ, असे झटके येऊन गेले होते. त्यांना हृदयस्नायूदाह झाल्याचे सांगून घरी पाठवले गेल्याची उदाहरणे त्यात होती. हे वाचले तेव्हा मला २००६ चा तो मुलगा आठवला. त्याचे जनुक कोणी तपासले नाही, त्यामुळे त्याला हाच विकार होता असे मी म्हणू शकत नाही. पण हे वाक्य त्याच्या केसपेपरवर जसेच्या तसे बसले असते.

२०२२ साली लंडन आणि नेदरलँड्समधील डॉक्टरांनी प्रश्न उलट बाजूने विचारला. तीव्र हृदयस्नायूदाह झालेल्या तीनशेहून अधिक रुग्णांची जनुके तपासली. शंभरात आठ जणांत आनुवंशिक हृदयस्नायुविकाराशी संबंधित दोष निघाला. निरोगी लोकांत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. याचा अर्थ असा की, ज्याला आपण विषाणूचा आजार म्हणून निरोप देतो, त्या बारा-तेरा रुग्णांत एखादा असा असतो, ज्याच्या घरात अजून चार जणांना तोच वारसा असू शकतो.

विषाणू निर्दोष आहे असे मात्र यातून समजू नये. पुण्यात तर तसे कोणी म्हणणारच नाही. येथे १९५२ पासून विषाणूंवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी याच शहरात गेला. २०२० च्या मार्चमध्ये राज्यातील करोनाचे पहिले रुग्ण येथेच सापडले. तापाच्या साथी आपल्याला नव्या नाहीत. शंभर जणांना एकच ताप येतो, नव्याण्णव जण उठून कामाला लागतात आणि एकाचे हृदय सुजते. तो एक का, या प्रश्नाचे उत्तर काही वेळा त्याच्या वारशात असते. विषाणू ठिणगी टाकतो. गवत आधीच वाळलेले असते. अतिश्रमही तशीच ठिणगी टाकतो. कच्च्या टाक्यांच्या विकारात दीर्घकाळ चालणारा जोरदार व्यायाम रोग वाढवतो, हे आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या या शहरात हे सांगणे फार अप्रिय असते. सिंहगड सर्वांनी चढावा. पण ज्याच्या घरात तरुणपणी कोणी उभ्या उभ्या गेले असेल, त्याने आधी एक ईसीजी आणि एक इको करून घ्यावा.

भारतीयांच्या वारशाविषयी एक गोष्ट वृत्तपत्रांत पुष्कळदा येते, तिचा खुलासा करतो. २००९ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील डॉ. कुमारसामी थंगराज आणि त्यांचे सहकारी डॉ. धंदापाणी यांनी दाखवून दिले, की हृदयस्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकात पंचवीस अक्षरांचा तुकडा गळालेला असा बदल भारतीय उपखंडातील सुमारे चार टक्के लोकांत आहे, आणि उतारवयात हृदय अशक्त होण्याशी त्याचा संबंध आहे. हे मोठेच काम होते. मात्र 'चार टक्के भारतीयांना हृदयविकाराचे जनुक' असे मथळे वाचून जे घाबरले त्यांना सांगितले पाहिजे, की हा बदल असलेले बहुसंख्य लोक दीर्घकाळ ठणठणीत असतात. २०२० मधील एका अभ्यासाने तर असे सुचवले, की जाड स्नायूच्या विकाराचा धोका त्या तुकड्यापेक्षा त्याच्या शेजारी काही जणांत असलेल्या दुसऱ्या बदलामुळे येतो. जनुकाचा कागद हा पंचांगासारखा वाचायचा नसतो. तो घराण्यातील माणसांसमोर ठेवून वाचायचा असतो.

आपल्यापैकी अनेकांचा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे : दाहच जर आग लावतो, तर दाहावरची औषधे द्या की! बाह्यरुग्ण विभागात नातेवाईक मला स्टेरॉइडविषयी विचारतात, आणि काही ठिकाणी ती सर्रास दिलीही जातात. १९९५ साली १११ रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीत हृदयस्नायूदाहाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली. फायदा दिसला नाही. २००९ मध्ये इटलीत मात्र, ज्यांच्या हृदयाच्या तुकड्यात विषाणू नाही असे आधी खात्रीने पाहिले, अशा दीर्घकालीन दाहाच्या रुग्णांना त्याच प्रकारच्या औषधांनी फायदा झाला. आनुवंशिक विकारात दाहविरोधी औषधे नियमाने द्यावीत, इतका पुरावा आज नाही. उंदराचे हृदय बरे होणे आणि माणसाचे बरे होणे यांत बरेच अंतर असते. आज आपल्या हाती जे आहे ते असे : लय सांभाळणारी आणि हृदयावरचा भार कमी करणारी औषधे, व्यायामावर मर्यादा, तापात काळजी, एमआरआयने दाह आणि व्रण पाहणे, आणि ज्यांना अकस्मात मृत्यूचा धोका अधिक आहे त्यांच्या छातीत आय.सी.डी. हे यंत्र बसवणे. या यंत्राची किंमत काही लाखांच्या घरात जाते. येथेच देणगीदारांचा संबंध येतो.

दोन वर्षांपूर्वी मावळातील एक तिशीची बाई आमच्याकडे आली. छातीत दुखणे, ट्रोपोनिन वाढलेले, रक्तवाहिन्या स्वच्छ. तिचे तळहात जाड आणि भेगाळलेले होते. भातशेतीत राबणाऱ्या बाईचे हात असेच असणार, असे कोणालाही वाटेल, मलाही वाटले. आमच्या परिचारिका ताईंनी तिला पायाचे तळवे दाखवायला सांगितले आणि मग विचारले, "लहानपणापासून असेच आहेत का?" ती म्हणाली, "आमच्यात सगळ्यांचेच असे. आईचे, मावशीचे." तपासणीत डेस्मोप्लाकिनचा दोष निघाला. तिला आय.सी.डी. बसवले, खर्चाचा मोठा भाग गरीब रुग्णांच्या निधीतून झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखावयाच्या असतात, आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम त्या निधीत जमा होते, हे आपणांस माहीत आहेच.

पण त्या बाईला दोन भाऊ, एक बहीण, आणि तीन लहान मुले आहेत. ते आजारी नाहीत. ते खाटेवर येत नाहीत. आजारी नसलेला भाऊ हा कोणत्याही योजनेच्या नोंदवहीत 'रुग्ण' नसतो. आणि तपासणीचा उपयोग सर्वांत जास्त त्यालाच आहे. ईसीजी आणि इको यांना फार खर्च येत नाही. घरात दोष निश्चित माहीत झाल्यावर इतरांची फक्त त्या एका जागेची जनुकीय तपासणी करावी लागते, ती पहिल्या तपासणीपेक्षा बरीच स्वस्त पडते. मजुरी बुडवून, गाडीभाडे खर्चून सहा जणांनी पुण्याला यायचे, तेही काही होत नसताना, हा खरा अडसर आहे. गेल्या वर्षी विश्वस्तांनी या कुटुंबाच्या प्रवासाचा खर्च मंजूर केला. रक्कम इतकी लहान होती, की हिशेबात ती 'इतर' या सदरात गेली आहे. तिच्यासाठी वेगळे सदर असावे अशी माझी विनंती आहे.

कुटुंबीयांसाठी थोडे. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडील चोपड्यांत कित्येक पिढ्यांची नावे निघतात. पुण्यात अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. एका रुग्णाच्या वडिलांनी असा ग्रंथ आमच्या टेबलावर आणून ठेवला, त्यात तीन माणसांच्या नावापुढे मृत्यूचे वय तीसच्या आत होते. अशा नोंदी असतील तर अवश्य आणा. पण त्यांत लग्न होऊन गेलेल्या मुली आणि त्यांची मुले सहसा नसतात, आणि हृदयाचा वारसा आडनाव पाहून चालत नाही. म्हणून आत्या, मावशी, मामा, त्यांची मुले यांची नावे कागदावर लिहून आणा. कोण किती वयात गेले, काय करीत असताना गेले, पोहताना की धावताना की झोपेत, हे लिहा. कोणाला वारंवार चक्कर येत असे, कोणाला फिट येते असे सांगितले होते, तेही लिहा. घरातील थोरल्या बाईला विचारा. तिला सगळे माहीत असते, तिला कोणी विचारलेले नसते.

मावळातील त्या बाईच्या मावशीची मुलगी आळंदीजवळ दिली आहे. तिला अद्याप निरोप पोहोचलेला नव्हता. मागच्या आठवड्यात परिचारिका ताईंनी तिचा फोन मिळवला. ती येत्या गुरुवारी दोन्ही मुलांना घेऊन येणार आहे.